स्कझी डिस्क जोडताना: आधी केबल बघा, मग डिस्क

स्कझी (SCSI) म्हणजे डिस्क, स्कॅनर, टेप अशी उपकरणं एकाच साखळीत कॉम्प्युटरला जोडायची जुनी पद्धत. तिची कामं अजून येतात म्हटलं तर नव्या पोरांना खरं वाटत नाही. पण नागपुरातल्या एखाद्या ऑफसेट प्रेसच्या कोपऱ्यात जुना फ्लॅटबेड स्कॅनर उभा असतो, सीएच्या ऑफिसात कपाटभर डॅट टेप (बॅकअपच्या छोट्या कॅसेट) असतात, हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची डिस्क अजून फिरत असते. तक्रार ठरलेली: "डिस्क दिसत नाही, गेली वाटतं." त्यावर तिथंच विश्वास ठेवू नका. पॅरलल स्कझीत (म्हणजे एकाच वेळी अनेक तारांवरून बिटं पाठवणाऱ्या प्रकारात) केबल, तिची टोकं आणि टोकावर बसणारा टर्मिनेटर हेही सर्किटचेच भाग आहेत, आणि गडबड बहुतेक वेळा तिथंच असते. डिस्कवर शंका घ्यायची ती हे सगळं बघून झाल्यावर.

या पोस्टमध्ये फक्त पॅरलल स्कझी आहे, म्हणजे १९८६ च्या पहिल्या मानकापासून ते सेकंदाला ३२० मेगाबाइटवाल्या अल्ट्रा-३२० पर्यंतची. ५० पिनांची म्हणजे नॅरो, ८ बिटांची. ६८ पिनांची म्हणजे वाइड, १६ बिटांची. ८० पिनांचा एससीए कनेक्टर असलेली डिस्कही वाइडच. तिच्या त्याच कनेक्टरातून वीजपुरवठा आणि आयडीही (साखळीतला उपकरणाचा नंबर) जातो, कारण ती सर्व्हरच्या खाचेत सरकवायची असते.

आयडीई डिस्का जोडून हात बसलेला माणूस इथं हमखास फसतो. आयडीईला केबल ४६ सेंटिमीटरची, डिस्का जास्तीत जास्त दोन, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टर किंवा स्लेव्हचा, संपलं. टर्मिनेटर ही भानगड वापरणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. स्कझीत त्याच तारांवर आठ किंवा सोळा उपकरणं लटकतात आणि केबल काही मीटर लांब असू शकते. एवढ्या लांबीवर सिग्नल टोकाला पोचला की परत फिरतो. कूलरच्या टाकीला धक्का दिला की पाणी भिंतीवर आपटून उलट येतं आणि नव्या लाटेत मिसळतं, तसंच. तो परत आलेला सिग्नल पुढच्या बाइटवर चढला की पॅरिटी एरर (बिटं चुकल्याची खूण) येते, ट्रान्सफर मध्येच अडकतो किंवा डिस्क दिसते आणि नाहीशी होते. टोकावरचा टर्मिनेटर तो सिग्नल शोषून घेतो.

टोकं दोन, टर्मिनेटरही दोनच

नियम एवढाच: साखळीच्या दोन्ही टोकांवर एकेक टर्मिनेटर, मध्ये कुठेही नाही. वाचायला सोपं आहे, पण चुका सगळ्या इथंच होतात.

एकच टर्मिनेटर असला तर छोट्या केबलवर, हळू वेगात बऱ्याचदा काम चालून जातं. म्हणून तर माणूस गाफील राहतो. केबल वाढवली किंवा नवी वेगवान डिस्क लावली की बिघाड दिसायला लागतो आणि दोष नव्या डिस्कवर जातो.

तिसरा टर्मिनेटर का चालत नाही, हे आकड्यांत बघितलं तर पटतं. अ‍ॅक्टिव्ह टर्मिनेटर प्रत्येक तारेला ११० ओहममधून २.८५ व्होल्टवर धरून ठेवतो. सिग्नल द्यायचा म्हणजे ड्रायव्हर चिपनं ती तार ०.५ व्होल्टच्या खाली ओढायची. एका टर्मिनेटरसाठी त्याला साधारण २१ मिलिअँपियर खेचावे लागतात, दोघांसाठी ४३. सिंगल एंडेड (एका तारेवर एक सिग्नल, पुढे येईल) ड्रायव्हर ४८ मिलिअँपियरचा धरलेला असतो. तिसरा टर्मिनेटर आला की हा आकडा ६४ वर जातो. मग तार पुरेशी खाली येत नाही, काही बिटं वाचली जातात, काही नाही. मशीन सुरू होतं, डिस्कचं नाव स्क्रीनवर येतं, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की लटकतं.

जुन्या पॅसिव्ह टर्मिनेटरात प्रत्येक तारेला २२० ओहमचा रेझिस्टर टर्मिनेटर पॉवरकडे (केबलमधूनच टर्मिनेटरला मिळणारी वीज) आणि ३३० ओहमचा ग्राउंडकडे असतो. दोन्ही मिळून तो तारेला १३२ ओहमचा दिसतो. पट्टी केबलचा स्वभाव साधारण १०० ओहमच्या आसपासचा, त्यामुळे जुळणी जेमतेम. शिवाय टर्मिनेटर पॉवर घसरली की तारेचं व्होल्टेजही घसरतं. सेकंदाला ५ मेगाबाइटच्या जमान्यात हे चालून गेलं. १० किंवा २० ला दोन्ही बाजूंना अ‍ॅक्टिव्हच लावा. पॅसिव्ह हाताशी आहे म्हणून खपवू नका.

टर्मिनेटर शोधायचा कुठं? जुन्या नॅरो डिस्कच्या सर्किट बोर्डावर, कनेक्टरच्या मागे, एका ओळीत पाय असलेले दोन किंवा तीन लांबट रेझिस्टर पॅक सॉकेटात बसवलेले दिसतात. तेच टर्मिनेटर. डिस्क मध्ये लावायची असेल तर सगळे काढायचे. एक काढून दोन ठेवले तर काही तारा टर्मिनेट होतात, काही नाहीत. काढलेले पॅक पाकिटात घालून डिस्कला चिकटवून ठेवा. परत बसवताना पॅकवरचा ठिपका बोर्डावरच्या १ नंबरच्या खुणेकडे आला पाहिजे, उलटा पॅक बसतो पण काम करत नाही. त्यानंतरच्या डिस्कांवर टीई किंवा टर्म असं लिहिलेला जंपर असतो. आणि एलव्हीडी (लो व्होल्टेज डिफरन्शियल, पुढे येईल) डिस्कांवर बहुधा टर्मिनेटर नसतोच. तिथं केबलच्याच टोकावर काळा ठोकळा असतो. भंगारात निघालेल्या सर्व्हरमधून केबल घेताना तो ठोकळा शाबूत आहे का बघा. नुसती केबल कापून आणून उपयोग नाही.

कॉम्प्युटरमधल्या स्कझी कार्डाच्या दोन्ही बाजूंना, आत आणि बाहेर, उपकरणं लावली तर कार्ड मध्ये आलं. अशा वेळी कार्डावरचं टर्मिनेशन बंद हवं. बऱ्याच कार्डांवर ते आपोआप होतं, पण कार्डाच्या बायोसमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगच्या मेनूत) कुणीतरी ते कायमचं चालू करून ठेवलेलं असतं, म्हणून एकदा बघाच. अ‍ॅडाप्टेकच्या २९४० मालिकेत मशीन सुरू होताना कंट्रोल आणि ए दाबलं की स्कझीसिलेक्टचा मेनू उघडतो. एलएसआयच्या बऱ्याच कार्डांना कंट्रोल आणि सी. २९४० यूडब्ल्यूवर आत ५० पिनी, आत ६८ पिनी आणि बाहेर ६८ पिनी असे तीन कनेक्टर आहेत. एका वेळी त्यातले दोनच वापरायचे. तीन लावले की साखळीला तिसरी फांदी फुटते, आणि तीन टोकांच्या बसला (सगळ्या उपकरणांच्या सामायिक तारांना) टर्मिनेट कसंही केलं तरी ती नीट चालत नाही.

वाइड आणि नॅरो एकत्र आले की आणखी एक गंमत. ६८ वरून ५० पिनी अडॅप्टर लावला की वरचा बाइट, म्हणजे आठ डेटा तारा आणि एक पॅरिटी, तिथंच संपतो. त्या नऊ तारांना तिथंच टर्मिनेशन लागतं. 'हाय बाइट टर्मिनेशन' असलेला अडॅप्टर थोडा महाग मिळतो, पण तोच घ्या. कार्डाच्या एका बाजूला वाइड आणि दुसऱ्या बाजूला नॅरो साखळी असेल तर कार्डावर वरच्या बाइटचं टर्मिनेशन चालू आणि खालच्याचं बंद, अशी सेटिंग असते. हीच जोडणी उलटी, म्हणजे वाइड कार्ड, मध्ये ५० पिनी केबल आणि शेवटी वाइड डिस्क अशी असेल, तर कार्ड आणि डिस्क आपापसात १६ बिटांचा करार करून बसतात आणि अर्ध्या तारा मात्र जागेवर नसतात. डिस्कचं नाव येतं आणि मशीन तिथंच थिजतं. बायोसमध्ये त्या आयडीसाठी वाइड निगोशिएशन बंद करायचं.

एसई, एचव्हीडी, एलव्हीडी

कनेक्टर सारखा दिसतो म्हणून जोडून बघणं सगळ्यात धोक्याचं इथं. सिंगल एंडेडमध्ये, म्हणजे एसईमध्ये, एका तारेवर सिग्नल आणि संदर्भ म्हणून ग्राउंड. एचव्हीडीत, म्हणजे जुन्या हाय व्होल्टेज डिफरन्शियलमध्ये, सिग्नल दोन तारांच्या फरकात आणि व्होल्टेज जास्त. एलव्हीडी तीच कल्पना कमी व्होल्टेजवर. एचव्हीडी उपकरण एसई किंवा एलव्हीडीच्या बसवर लावू नका, चिप जळू शकते. मोठ्या टेप लायब्ररी आणि जुन्या मिनी कॉम्प्युटरांतून निघालेली उपकरणं हमखास एचव्हीडी निघतात. कनेक्टरजवळ डिफ असं लिहिलेलं किंवा तसं चिन्ह दिसलं तर थांबा. अ‍ॅडाप्टेक २९४४ हे एचव्हीडीचं कार्ड आहे, दिसायला २९४० सारखंच. विकणाऱ्याला हा फरक माहीत असेलच असं नाही, नंबर स्वतः वाचा.

बस कोणत्या प्रकारची आहे हे उपकरणांना डिफसेन्स नावाच्या एका तारेवरून कळतं. ६८ पिनी कनेक्टरात ती १६ नंबरची पिन. तिथं ०.५ व्होल्टच्या खाली असेल तर एसई, ०.७ ते १.९ च्या मध्ये असेल तर एलव्हीडी, २.४ च्या वर असेल तर एचव्हीडी. एलव्हीडीच्या साखळीत एकही एसई उपकरण लावलं की ही तार ग्राउंडला जाते आणि सगळी साखळी एसईवर उतरते. अल्ट्रा-१६० ची डिस्क सेकंदाला ४० मेगाबाइटवर का रेंगाळते, याचं कारण बऱ्याचदा शेजारी लावलेला सीडीरॉम किंवा एखादा स्वस्तातला ८० ते ६८ पिनी अडॅप्टर असतो. पण वेग जातो एवढंच नाही. एसई झाली की लांबीची मर्यादाही एसईचीच लागू होते, आणि १२ मीटरच्या हिशेबानं ओढलेली केबल अचानक बेकायदा ठरते.

लांबीचा हिशेब असा. एसईमध्ये सेकंदाला ५ दशलक्ष ट्रान्सफरच्या मूळ वेगाला ६ मीटर, फास्टला (१० दशलक्ष) ३ मीटर. अल्ट्राला (२० दशलक्ष) कार्ड धरून चार उपकरणांपर्यंत ३ मीटर, पाच ते आठ असतील तर १.५ मीटर. एलव्हीडीला १२ मीटर, आणि फक्त दोनच टोकांची जोडणी असेल तर २५. एचव्हीडीला २५. ही लांबी एका टर्मिनेटरपासून दुसऱ्यापर्यंतची मोजायची, त्यात बाहेरच्या डब्याच्या आतली वायरिंगही आली. आतली केबल ७० सेंटिमीटर, बाहेरची १ मीटर, स्कॅनर किंवा डब्याच्या आत ३० सेंटिमीटर, झाले २ मीटर. चार उपकरणं असताना हे अल्ट्रा एसईला चालतं, पाचवं लावलं की नाही. केबल छोटी करता येत नसेल तर त्या आयडींचा सिंक वेग बायोसमध्ये १० वर आणा. फास्टची ३ मीटरची मर्यादा मिळते आणि कटकट संपते. डेटा काढण्यापुरतंच काम असेल तर वेगाचा हट्ट कशाला?

केबल स्वतः करायची असेल तर

६८ पिनी केबल घरी करायच्या भानगडीत पडू नका. तिच्या तारांमधलं अंतर ०.६३५ मिलिमीटर, आणि एलव्हीडीच्या केबलमध्ये तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात. ५० पिनी मात्र आरामात होते. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात '५० पिन एफआरसी केबल आणि एफआरसी कनेक्टर' म्हणून मागा. स्कझी म्हणालात तर नाही म्हणतील. तारांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर, कनेक्टरच्या छिद्रांमधलं २.५४. तीन उपकरणं आणि एक कार्ड असेल तर चार कनेक्टर, वर एक जादा.

केबलची लाल कडा कनेक्टरवरच्या छोट्या त्रिकोणाकडे. सगळे कनेक्टर लाल कडेच्या बाबतीत एकाच दिशेला. एक जरी उलटा गेला तरी अख्खी केबल वाया. दोन उपकरणांत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, जवळजवळ बसवलेल्या डिस्कांनी तारेवर एकाच जागी भार वाढतो. कनेक्टर दाबताना पक्कड वापरू नका. पक्कड एका बाजूला आधी चावते, त्या बाजूच्या तारांत दाते बसतात आणि दुसऱ्या बाजूच्या तारा नुसत्या टेकतात; अशी केबल आज चालते, उद्या नाही. लहान बेंच व्हाइसमध्ये दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये धरून हळूहळू दाबा, दोन्ही बाजूंचे हूक टकटक बसेपर्यंत. शेवटच्या कनेक्टरच्या पुढे उरलेली केबल धारदार ब्लेडनं अगदी कडेला कापा. कापलेल्या टोकातून एखादा तांब्याचा केस बाजूच्या तारेला टेकला तर शॉर्ट.

मग मल्टिमीटरचा बझर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पन्नासही तारा तपासा, आणि प्रत्येक तार शेजारच्या तारेशी शॉर्ट नाही ना तेही. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धवट केबल घेऊन डिस्कशी भांडण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

उलटी लागली तर काय होतं? ५० पिनी कनेक्टरात टर्मिनेटर पॉवर २६ नंबरच्या पिनेवर असते. सम आकड्यांच्या ओळीत २५ पिना, त्यात २६ ही तेरावी, म्हणजे बरोबर मधली. तिच्या समोर विषम ओळीत २५ नंबरची पिन, आणि ती मुद्दाम रिकामी सोडलेली. कनेक्टर उलटा लावला की २६ समोर २५ येते, त्यामुळे टर्मिनेटर पॉवर थेट ग्राउंडला भिडत नाही. मानक लिहिणाऱ्यांनी आपल्यासारख्यांची सोय बघून ठेवली आहे. बस मात्र पूर्ण बंद पडते, कारण बाकीच्या विषम पिना सगळ्या ग्राउंड आहेत आणि सिग्नल त्यांच्यावर जाऊन बसतात. कार्डाला एकही उपकरण दिसत नसेल तर आधी केबलची दिशा बघा. डिस्कवर १ नंबरची पिन बहुधा वीज कनेक्टरच्या बाजूला असते, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. बोर्डावर छापलेला १ शोधा.

तयार केबलवर सगळे कनेक्टर वापरायलाच हवेत असं नाही, मधले रिकामे राहिले तरी चालतं. शेवटचा मात्र रिकामा सोडू नका. डिस्क मधल्या कनेक्टरला लावून पुढची ४० सेंटिमीटर शेपूट लोंबकळती ठेवली की टर्मिनेटर डिस्कवर आणि खरं टोक भलतीकडे, अशी स्थिती होते. एसईमध्ये मुख्य तारेपासून फुटलेली शाखा १० सेंटिमीटरच्या आत हवी.

आयडी

नॅरोला ० ते ७, वाइडला ० ते १५. कार्डाला ७ द्यायची पद्धत आहे, कारण प्राधान्यात ७ सगळ्यात वर: ७ पासून ० पर्यंत उतरता क्रम आणि त्यानंतर १५ पासून ८ पर्यंत. स्कॅनर, टेप अशी हळू उपकरणं वरच्या आयडीवर ठेवा, नाहीतर वेगवान डिस्क त्यांना बस मिळूच देत नाही. जंपर बायनरीत असतात, १, २, ४ आणि वाइडला ८. आयडी ५ हवा तर १ आणि ४ चे जंपर. नॅरो कार्डाला ७ च्या वरचा आयडी दिसत नाही, त्यामुळे अडॅप्टरनं लावलेल्या वाइड डिस्कवर ८ चा जंपर राहिला तर ती कायमची गायब. बाहेरून लावायच्या स्कझी झिप ड्राइव्हला फक्त ५ किंवा ६ निवडता येतो.

एकच डिस्क सगळ्या आयडींवर ओळीनं दिसायला लागली तर घाबरू नका, तिला कार्डाचाच आयडी दिला गेलाय. दोन डिस्कांना एकच आयडी असेल तर एक दिसत नाही किंवा दोन्ही अडकतात.

जंपरांच्या त्याच गर्दीत आणखी काही कामाचे असतात. राइट प्रोटेक्ट, म्हणजे डब्ल्यूपी, जुन्या डिस्कवरून डेटा काढायचा असेल तर हा सगळ्यात आधी लावा, ज्या डिस्कवर असेल त्या प्रत्येकीवर. मोटर स्टार्ट किंवा डिले स्पिन: १०,००० आरपीएमची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपियरच्या आसपास खेचते, चार डिस्का एकदम उठल्या तर साधा एसएमपीएस दबतो आणि एकही धड वेग घेत नाही. डिले लावला की आयडीप्रमाणे एकामागून एक उठतात. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टरबरोबर येणारा १२ व्होल्ट २ अँपियरचा छोटा अडॅप्टर अशा डिस्कला पुरवायला जाऊ नका.

मल्टिमीटर हातात घेतला की

बस मोकळी असताना, म्हणजे मशीन चालू पण ट्रान्सफर नाही, ५० पिनी केबलच्या रिकाम्या कनेक्टरात पातळ तार घालून दोन जागा मोजा. एक, सम ओळीतलं मधलं छिद्र: टर्मिनेटर पॉवर. ४.२५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. शून्य असेल तर कार्डावरचा फ्यूज गेलेला असतो किंवा कुठल्याच उपकरणाचा टर्म पॉवरचा जंपर लागलेला नसतो. चालू मशीनला केबल लावण्या-काढण्यानं हा फ्यूज उडतो, आणि मग कार्ड जिवंत असूनही सगळं मेल्यासारखं दिसतं. दुसरी जागा, लाल कडेजवळचं सम ओळीतलं पहिलं छिद्र, ते डेटाचं शून्यावं बिट. अ‍ॅक्टिव्ह टर्मिनेटर असेल तर २.८५ च्या आसपास, पॅसिव्ह असेल तर पावणेतीन ते तीन. फार कमी असेल तर एखादं उपकरण तार खाली धरून बसलंय. एकेक काढत जा. या मोजमापानं टर्मिनेटर आहे की नाही हे कळतं, किती आहेत हे कळत नाही, कारण मोकळ्या बसवर एकाचं आणि तिघांचं व्होल्टेज सारखंच येतं. ते डोळ्यांनीच मोजावे लागतात.

२५ पिनी कनेक्टरबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या मॅकच्या आणि काही स्कॅनरांच्या मागे २५ पिनी स्कझी असते आणि ती पीसीच्या प्रिंटर पोर्टसारखीच दिसते. झिप ड्राइव्हही दोन्ही प्रकारांत आला. दोघांची अदलाबदल करू नका.

उन्हाळा आणि अर्थिंग

एसई स्कझीत ग्राउंड हाच संदर्भ असल्यानं कॉम्प्युटर आणि बाहेरचे डबे एकाच अर्थिंगवाल्या बोर्डावर असणं गरजेचं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तीन पिनी सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेला मागे काही जोडलेलंच नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन वेगळ्या खोल्यांतल्या बोर्डांवर कॉम्प्युटर आणि स्कॅनर लावले की दोघांच्या ग्राउंडमधला फरक केबलच्या ग्राउंड तारांतून वाहतो. चावणारा कॅबिनेट हे त्याचं पहिलं लक्षण. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. चालू करताना बाहेरचे डबे आधी, कॉम्प्युटर नंतर. बंद करताना उलट.

बहुतेक डिस्का ५ ते ५५ अंशांपर्यंत काम करतात. नवतप्यात बाहेर पारा ४५ वर असतो, पत्र्याखालच्या खोलीत फार कमी नसतो, आणि बंद कॅबिनेटमध्ये १०,००० आरपीएमच्या दोन डिस्का एकावर एक ठेवल्या तर ५५ कधी ओलांडले कळत नाही. डेटा काढताना डिस्क तासन्‌तास सलग चालते. ती उघड्यावर, दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून छोटा पंखा सोडा, आणि मे महिन्यात हे काम पहाटे लावा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि खारं पाणी पिनांवर पांढरी बुरशीसारखी पुटं सोडून जातं. अशा पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कनेक्टर दोन-तीनदा लावा-काढा. ६८ पिनीची एखादी पिन वाकली असेल तर सुईच्या टोकानं हळू सरळ करा, एकाच प्रयत्नात. मागेपुढे केली की तुटते.

डिस्क दिसली, आता?

कार्डाच्या बायोसमध्ये डिस्क दिसली की त्याच मेनूत फॉर्मॅट आणि व्हेरिफाय असे पर्याय दिसतात. दोन्हींना हात लावू नका. व्हेरिफायही खराब ब्लॉक बदलायला विचारतं, म्हणजे डिस्कवर लिहितं. विंडोजनं 'डिस्क इनिशियलाइझ करू का' विचारलं तर नाही म्हणा. मुळात विंडोजपेक्षा लिनक्स सोयीचं, कारण २९४० पासून एलएसआयच्या अल्ट्रा-३२० कार्डांपर्यंतचे ड्रायव्हर तिथं कर्नलमध्येच आहेत. त्यासाठी पीसीआय स्लॉटवाला एखादा पेंटियम ४ किंवा कोअर टू मदरबोर्ड सांभाळून ठेवा. ६४ बिटांची लांब कार्डं साध्या ३२ बिटी स्लॉटमध्ये मागचा भाग बाहेर लोंबत ठेवून बहुधा चालतात, खाच जुळते का तेवढं बघा आणि लोंबणाऱ्या भागाखाली कपॅसिटर टेकत नाही ना तेही.

इमेज (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) काढायला डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम, आणि त्याची मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) पहिल्या सेकंदापासून. आधी सोपा भाग वाचून घ्या, अडलेल्या जागा दुसऱ्या फेरीसाठी सोडा. मध्येच बस रिसेट व्हायला लागली तर डिस्कला दोष देण्याआधी वेग १० वर आणून परत सुरू करा. मॅप फाइल असेल तर आधीचं वाया जात नाही.

डिस्क दिसते, क्षमता बरोबर येते, पण एक सेक्टरही वाचता येत नाही, असं झालं तर सेक्टरचा आकार बघा. मोठ्या रेड (अनेक डिस्का मिळून एक) कॅबिनेटमधल्या डिस्कांचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटांचे असू शकतात, आणि साधी ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना हात लावत नाही. लिनक्सवरच्या एसजी-फॉर्मॅटनं ५१२ करता येतात, पण त्यात सगळा डेटा जातो; डिस्क परत वापरायची असेल तरच ते करा. रेडमधली डिस्क एकटी जोडून फाइल दिसणार नाहीत हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा. प्रत्येक डिस्कची वेगळी इमेज, आणि कॅबिनेटमधली खाच कितवी ते डिस्कवर मार्करनं काढण्याआधीच लिहिलेलं हवं.

आणि मशीन चालू ठेवायचं असेल, डिस्क मात्र मरायला टेकली असेल, तर झुलूस्कझी किंवा ब्लूस्कझी हे बोर्ड बघा. ५० पिनी एसई बसवर बसतात, एसडी कार्डातली इमेज डिस्क म्हणून दाखवतात. झुलूस्कझीचे काही बोर्ड आणि ब्लूस्कझीची दुसरी आवृत्ती उलटंही करतात: जुनी डिस्क जोडली की तिची इमेज एसडी कार्डावर उतरवतात, कॉम्प्युटरशिवाय. टर्मिनेटर पॉवर आणि दोन टोकांचा नियम यांनाही तसाच लागू. नवा बोर्ड लावल्यावर मशीन उठत नसेल तर बोर्डावरचं टर्मिनेशन आणि जुन्या केबलच्या शेवटच्या कनेक्टरची जागा आधी बघा, फर्मवेअर नंतर.